वाचकांचे प्रश्न : भरपूर पॉवरची इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली, आता पुढे?

या वेळी बहुतेक पत्रं एकाच प्रकारच्या गाड्यांबद्दल आलीत, मोठ्या, महागड्या आणि तुफान पिकअपवाल्या इलेक्ट्रिक एसयूव्ही. त्यातले काही प्रश्न घेतलेत, जिथे सांगण्यासारखं जास्त होतं तिथे उत्तर लांबलंय.

प्रश्न : कंपनीने साडेपाचशे किमीच्या वर रेंज सांगितली होती, पण हायवेला धड चारशेही मिळत नाहीत. गाडीत काही फॉल्ट आहे का?

फॉल्ट असण्याची शक्यता फार कमी आहे. तो साडेपाचशेचा आकडा बहुतेक वेळा डब्ल्यूएलटीपी टेस्टचा (रेंज मोजायची ठरलेली प्रयोगशाळेतली चाचणी) असतो आणि त्या टेस्टमधला सरासरी वेग ताशी जेमतेम ४६ किमीच्या आसपास येतो, मधे थोडा वेळ १३० पर्यंत जातात हे खरं, पण तुम्ही हायवेला तासन् तास ज्या वेगाने जाता तसं तिथे होत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे ९० वरून १२० वर गेलात की वेग वाढला एक तृतीयांश, पण हवेचा विरोध झाला पावणेदोन पटीच्या वर. त्यात एसयूव्ही म्हणजे उंच आणि रुंद, ती लांबट सेडानसारखी हवा कापत नाही.

आता हिशोब मांडून बघा. समजा तुमच्या बॅटरीत वापरता येण्यासारखे १०५ युनिट आहेत (युनिट म्हणजे किलोवॅट अवर, वीजबिलात असतं तेच) आणि १२० च्या वेगाला गाडी १०० किमीला २८ युनिट खातेय, तर फुल चार्जवर ३७५ किमी झाले. पण प्रवासात आपण बॅटरी शून्यावर नेत नाही आणि फास्ट चार्जरवर शंभरपर्यंत थांबतही नाही, १० ते ८० टक्के एवढाच पट्टा वापरतो, म्हणजे दोन थांब्यांच्या मधे साधारण २६० किमी. लांबचा प्रवास ठरवताना हा आकडा धरा, ब्रोशरमधला नको. आणि वेग १२० वरून १०५ वर आणून बघा एकदा, फरक लगेच स्क्रीनवर दिसेल, बऱ्याचदा चार्जिंगचा एक थांबाच वाचतो आणि पोचायची वेळ जवळपास तीच राहते.

अजून एक, २२ इंची चाकं दिसायला भारी असतात पण तीच गाडी लहान चाकांवर जास्त पळते. अजून बुकिंग केलं नसेल त्यांनी हे आधीच ठरवावं.

प्रश्न : रोज रात्री १०० टक्के चार्ज करतो. चालेल ना?

रोज नको. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत निकेलवाल्या लिथियम सेल असतात आणि त्यांना पूर्ण भरून तसंच उभं राहणं मानवत नाही, विशेषतः उन्हाळ्यात. रोजच्यासाठी ८० ची लिमिट लावा, लांब जायचं असेल त्या दिवशी १०० करा आणि टायमर असा लावा की चार्जिंग संपलं की थोड्याच वेळात तुम्ही निघाल. गाडीत एलएफपी बॅटरी (निकेलऐवजी लोह-फॉस्फेटवाली लिथियम बॅटरी) असेल तर नियम वेगळा, ती अधूनमधून शंभरपर्यंत न्यायला कंपनीच सांगते, म्हणून मॅन्युअल बघाच.

फास्ट चार्जिंगला ८० च्या पुढे वेग आपोआप कमी होत जातो. पोर्श मॅकन इलेक्ट्रिक २७० किलोवॅटपर्यंत घेते आणि १० ते ८० ला २१ मिनिटं सांगतात, पण चार्जर तेवढा दमदार असेल आणि बॅटरी योग्य तापमानाला असेल तरच. म्हणून चार्जिंग स्टेशन गाडीच्याच नेव्हिगेशनमध्ये टाकून निघा, म्हणजे पोचेपर्यंत ती बॅटरी तयार करून ठेवते. फोनवरचा मॅप लावला तर गाडीला बिचारीला कळतच नाही तुम्ही कुठे निघालात.

प्रश्न : मागचे दोन टायर इतक्या लवकर गोटा कसे झाले? आधीच्या पेट्रोल गाडीला कितीतरी जास्त चालले होते.

हा प्रश्न आला याचं मला बरं वाटलं, कारण गाडी घेताना बॅटरीबद्दल सगळे विचारतात, टायरबद्दल कोणीच नाही, आणि अशा गाडीची सगळी ताकद शेवटी त्या चार तळहाताएवढ्या रबरावरच उतरते. बीएमडब्ल्यू आयएक्स एम६० घ्या, गाडी अडीच टनांच्या वर, टॉर्क (म्हणजे चाकं फिरवणारा जोर) लाँच मोडमध्ये, म्हणजे उभ्या गाडीला पूर्ण ताकदीने सोडणाऱ्या सेटिंगमध्ये, ११०० न्यूटन मीटर, आणि तो टॉर्क रेस दिल्या क्षणी हजर, इंजिनासारखा आरपीएम चढायची वाट बघावी लागत नाही. प्रत्येक सिग्नलला पाय जोरात दाबलात की टायर घासलाच. शिवाय पाय उचलल्यावर मोटर गाडी ओढून धरते तेव्हाही ताण टायरवरच येतो.

हवा थंड टायरवर चेक करा आणि दाराच्या कडेच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच ठेवा. नवे टायर घेताना नुसती साइज बघू नका, लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, तोही बघा. जड इलेक्ट्रिक गाड्यांसाठी आता एचएल (हाय लोड) खुणेचे टायर येतात, जुन्या एक्सएल (एक्स्ट्रा लोड) टायरपेक्षाही जास्त वजन पेलणारे. गाडीला एचएल आले असतील तर त्याच्या खालचे स्वस्त पडतात म्हणून बसवणं मला अजिबात पटत नाही, तिथे जिवाचा प्रश्न आहे. पुढचे-मागचे टायर एकाच मापाचे असतील तर मधून मधून अदलाबदल करा, वेगळ्या मापाचे असतील तर ते जमत नाही. आणि एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर गाडी तोलणारं) असेल तर जॅक लावण्याआधी स्क्रीनवर जॅक मोड चालू करायला विसरू नका, म्हणजे गाडी आपोआप उंची बदलत नाही, टायरवाल्याला ते माहीत असेलच असं नाही, तुम्ही स्वतः सांगा.

प्रश्न : लाँच मोड वारंवार वापरला तर बॅटरी खराब होते का?

कधीतरी केल्याने काही होत नाही, सॉफ्टवेअर स्वतःच सगळं सांभाळतं. लागोपाठ करत राहिलात की बॅटरी आणि मोटर तापतात आणि गाडी आपणहून पॉवर कमी करते. चार्ज कमी असला तरी तसंच होतं, २० टक्क्यांना ती ताकद मिळेल अशी अपेक्षा नको.

प्रश्न : मी चालवतो तेव्हा मागे बसणाऱ्यांना गाडी लागते. आधीच्या गाडीत असं कधी व्हायचं नाही.

वन पेडल ड्रायव्हिंगमुळे. तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलता, गाडी ब्रेक मारल्यासारखी मंदावते, मग परत रेस, आणि मागच्या माणसाला यातलं काही आधी कळत नाही, त्याचं डोकं नुसतं पुढे-मागे होतं. रीजनरेशनची, म्हणजे पाय उचलल्यावर मोटर गाडी ओढून धरत वीज परत भरते त्याची, लेव्हल कमी करा किंवा पाय हळूहळू सोडायची सवय लावा. बऱ्याच गाड्यांत ब्रेक पेडल दाबलं तरी आधी मोटरच वीज परत भरते, त्यामुळे लेव्हल कमी केल्याने रेंजचं फारसं नुकसान होत नाही. बॅटरी १०० टक्के भरलेली असताना मात्र परत आलेली वीज ठेवायला जागा नसते, तेव्हा काही गाड्यांत पाय उचलल्यावर नेहमीसारखी ओढ लागत नाही. सकाळी फुल चार्ज करून निघालात आणि पुढेच उतार असेल तर पाय ब्रेकजवळ ठेवा.

प्रश्न : मुलीला नुकतंच लायसन्स मिळालंय. तिला ही गाडी चालवायला द्यावी का? घरात दोन मतं आहेत, एक मत असं की मुलींना मोठी गाडी नकोच.

द्या, पण लगेच नाही आणि पूर्ण पॉवरने तर नाहीच. टेस्ला मॉडेल एक्स प्लेड शंभरला पोचायला साधारण २.६ सेकंद घेते, लोटस एलेट्रे आर ३ सेकंदांच्या आत पोचते. एकेकाळी हे आकडे फक्त सुपरकारचे असायचे, आता फॅमिली गाडीत मिळतात आणि तेही इंजिनाचा आवाज नसताना. नव्या ड्रायव्हरला वेगाचा अंदाज आवाजावरूनही येत असतो, इथे तो नाही, स्पीडोमीटर बघेपर्यंत ९० झालेले असतात. शंभरच्या वेगात गाडी एका सेकंदात २८ मीटर जाते, म्हणजे ब्रेककडे पाय जाईपर्यंतच तेवढं अंतर गेलं. आणि अडीच टनांची गाडी थांबवताना ब्रेकला जी ऊर्जा गिळावी लागते ती सव्वा टनाच्या हॅचबॅकच्या दुप्पट असते, हे तिला नीट समजावून सांगा, पोरं असं ऐकतात, नुसतं हळू चालव म्हटलेलं ऐकत नाहीत.

सुरुवात हॅचबॅकवर होऊ द्या. मग या गाडीत सगळ्यात मवाळ ड्राइव्ह मोड लावा, टेस्लात त्याला चिल म्हणतात, बाकीच्यांत इको किंवा तसंच काही असतं. स्पीड लिमिटची सोय असेल तर ती पिन टाकून लावा. पहिले काही आठवडे शेजारी तुम्ही बसा आणि मोकळ्या जागेत एकदा तरी तिला पूर्ण ताकदीने ब्रेक मारायला लावा, एबीएसची थरथर पायाला आधीच माहीत असलेली बरी, खऱ्या वेळेला घाबरून पाय उचलला जातो. मुलींना मोठी गाडी नको असं जे मत तुमच्या घरात आहे ते सोडून द्या, मुलगा असता तरी मी हेच उत्तर दिलं असतं.

प्रश्न : चार्ज संपून गाडी रस्त्यात थांबली तर दोर बांधून ओढत नेता येईल का?

नाही. चाकं फिरली की मोटर फिरते आणि नुकसान होऊ शकतं, चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेडच बोलवा. बऱ्याच गाड्यांत स्टेपनीही नसते, त्यामुळे रोडसाइड असिस्टन्सचा नंबर फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा, आणि बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरली तर दार हाताने कसं उघडायचं तेही मॅन्युअलमध्ये बघून घरातल्या सगळ्यांना एकदा करून दाखवा.