बायोडाटात 'नर्स' लिहावं की नाही?

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. माझी मुलगी २६ वर्षांची आहे. बी.एस्सी. नर्सिंग करून पुण्यात एका हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे. दोन वर्षांत अकरा स्थळं आली. पत्रिका जुळते, फोटो पसंत पडतो, पण 'नर्स आहे' म्हटलं की पुढचा फोन येत नाही. एकांनी तर तोंडावर विचारलं, "रात्रपाळी असते का? पुरुष पेशंटचंही करावं लागतं का?" आता एका ठिकाणी जमत आलंय, पण लग्नानंतर नोकरी सोडायची अट आहे. माझ्या जाऊबाई म्हणतात, बायोडाटात 'मेडिकल क्षेत्रात नोकरी' एवढंच लिही. हे कानावर गेल्यापासून मुलगी माझ्याशी नीट बोलत नाही. काय करू? – एक आई, तासगाव

उत्तर : ताई, स्थळांचं नंतर बघू. आधी मुलगी का बोलत नाही, ते सांगते.

१९७९ साली करमाळा तालुक्यातल्या आमच्या गावातून मी मुंबईला जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला गेले. मी १८ वर्षांची होते. आमचे अण्णा गावात सांगायचे, "थोरली मुंबईला शिकते." काय शिकते, ते सांगत नसत. पहिल्या दिवाळीला घरी आले तेव्हा अण्णा एसटी स्टँडवर घ्यायला आले होते. तिथे शेजारच्या काकू भेटल्या. म्हणाल्या, "काय गं, मास्तरीण कधी होणार?" मी अण्णांकडे बघितलं. ते माझी पिशवी उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. घरी गेल्यावर आजीने चूल शिवण्याआधी अंघोळ करायला लावली, त्याचं मला काही वाटलं नाही. ती सगळ्यांचाच विटाळ धरायची. अण्णांचं ते वाकणं मात्र मला आजही दिसतं. जाऊबाईंची ती एक ओळ ऐकून तुमच्या लेकीला तेच दिसलं असणार.

ही लाज आली कुठून, तेही समजून घ्या. रक्त, पू, लघवी, परक्याचं अंग. आपल्याकडे ज्यांनी हे हाताळलं त्यांना आपण गावाबाहेर ठेवलं. त्यामुळे दवाखाने निघाले तेव्हा 'चांगल्या घरच्या' मुली तिकडे फिरकल्या नाहीत. तुमच्या शेजारी मिरजेलाच डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल. अशा ठिकाणी हे काम आधी ख्रिस्ती मुलींनी उचललं. पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये सेवासदन सुरू केलं आणि तिथल्या बायकांना ससून हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला पाठवलं. त्यांत विधवा बऱ्याच होत्या. लोकांनी नावं ठेवली, रमाबाई मागे हटल्या नाहीत. पण 'जिला कोणी नाही तिचं हे काम' हा शिक्का बसला तो बसलाच. त्याच्याही आधी, १८९७ च्या प्लेगात, सावित्रीबाई फुले आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या आणि त्याच साथीत वारल्या. त्यांच्या फोटोला हार घालणारी घरंही सून म्हणून नर्स नको म्हणतात, याचा मला राग येतो.

आता रात्रपाळीचं. रात्री काय चालतं हे त्या लोकांना ठाऊक नाही, म्हणून नको ते मनात येतं. मी प्रसूती वॉर्डात होते तेव्हाची गोष्ट. पहाटेचे तीन वाजले होते. पहिलटकरीण होती, डिलिव्हरी होऊन दोन तास झालेले, बीपी ठीक. पण नाडी १२० लागली. बाई म्हणत होती, "जरा झोप येतेय सिस्टर." मी तिच्या कमरेखाली हात घातला, तर हात मनगटापर्यंत भिजला. वरची चादर स्वच्छ आणि खाली रक्ताचं थारोळं. रक्त जात असलं की बीपी उतरतं ते नंतर, आधी नाडी पळायला लागते. एका हाताने पोट चोळत मी मावशींना डॉक्टरांना उठवायला पिटाळलं. बाई वाचली. सकाळी नातेवाईक डॉक्टरांच्या पाया पडले, आणि मला विचारलं, "सिस्टर, गरम पाणी कुठे मिळतं?" मला लागलं ते. डॉक्टरांचा मान त्यांचाच होता, पण रात्री तो हात तिथे गेला नसता तर?

आणि हो, पुरुष पेशंटचंही करावं लागतं. स्पंजिंग, कॅथेटर, बेडपॅन, सगळं. पेशंट बरा होण्यासाठी ते लागतं, असं सरळ सांगा, आवाज खाली न आणता.

नोकरी सोडायच्या अटीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ही अट एकेकाळी सरकारही घालत असे. सैन्याच्या नर्सिंग सेवेतल्या सेलिना जॉन यांना १९८८ मध्ये लग्न केलं म्हणून काढून टाकलं. त्या लढत राहिल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून ६० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. मुलीला स्वतःला थांबायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिला विचारलंत का? तुमच्या पत्रात अकरा स्थळांचं म्हणणं आहे, तिचं एकही वाक्य नाही.

पगाराचाही प्रश्न आहे, तो लपवत नाही. खासगी हॉस्पिटलं नर्सला कमी पगारात राबवतात. केंद्राच्या समितीने २०१६ मध्येच सुचवलं होतं की ५० खाटांच्या आतल्या हॉस्पिटलातही २० हजारांखाली पगार नको. मुलांच्या आया पगार विचारतात आणि मान त्यावरच ठरवतात. मुलीची तयारी असेल तर सरकारी भरतीचे फॉर्म भरत राहू दे.

बायोडाटात लिहा : 'बी.एस्सी. नर्सिंग, स्टाफ नर्स, आयसीयू, रात्रपाळीसह ड्यूटी.' रात्रपाळीसुद्धा लिहा. ज्यांना चालणार नाही ते आधीच गळतील आणि तुमचे चहापोहे वाचतील. स्थळं कमी येतील, हे खरं आहे.

पण ते पुढच्या आठवड्यात. उद्या तिला फोन करा. नाइट असेल तर सकाळी आठला नको, पुढच्या नर्सला पेशंटची माहिती देऊन खोलीवर पोचायला तिला तासभर लागतो. जेवली का विचारा, स्थळाचा विषय काढू नका. रात्री कोण कोण पेशंट होते, ते विचारा आणि ती सांगेल ते सगळं ऐका.