पहिल्याच धुण्यात फ्रॉक बिघडला

प्रश्न: ताई, 3 वर्षांच्या लेकीला लाल कॉटनचा फ्रॉक शिवला, हौसेने पांढरी कॉलर लावली. पहिल्याच धुण्यात कॉलर गुलाबी आणि फ्रॉक गुडघ्याच्या वर! काय चुकलं?

उत्तर: अगं, कापड न भिजवताच कापलंस ना! कॉटन आटतंच, म्हणून कात्री लावायच्या आधी धुऊन वाळवून इस्त्री करून घ्यायचं, आणि लाल रंगाचा तर भरवसाच नको, ओला कोपरा पांढऱ्या फडक्यावर दाबून बघायचा, डाग उठला की पांढऱ्याशी जोडायचंच नाही. पुढच्या वेळी खाली 3 इंच दुमड ठेव, पोरं भराभर वाढतात, उसवून लांब करता येतं. गळ्याला नाडी मात्र नको, खेळताना कुठेही अडकते. आत्ताच्या फ्रॉकला गुलाबी झालर जोड, कॉलर मुद्दाम केल्यासारखी वाटेल!