प्रेषित म्हणजे मोठा अधिकारी, मग बायबलमधला प्रेषित पौल स्वतःला 'दास' का म्हणवतो?

कारण त्याच्या लेखी ही दोन पदं नाहीतच, एकच आहे. 'प्रेषित' म्हणजे पाठवलेला. मूळ ग्रीक 'अपोस्तोलोस'चा अर्थही तोच. पाठवलेल्या माणसाचा मान पाठवणाऱ्याचा असतो, त्याचा स्वतःचा नव्हे. बायबलमधल्या 'रोमकरांस पत्र' या त्याच्या पत्राच्या पहिल्याच ओळीत पौल आधी 'दास' लिहितो, मग 'प्रेषित होण्यास बोलावलेला'. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. तिथला ग्रीक शब्द 'दुलोस', म्हणजे सरळ गुलाम. पगारी नोकरसुद्धा नव्हे. आणि करिंथ या ग्रीक शहरात हाच पौल तंबू शिवून पोट भरत होता.

ठाण्यात राहत असाल तर पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, संध्याकाळी तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये जाऊन बसा. फादर गुडघे टेकून लोकांचे पाय धुतात. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. (याच ठाण्यात 1321 साली तोलेंतिनोचे थॉमस हे फ्रान्सिस्कन संघाचे धर्मप्रचारक आणि त्यांचे सोबती मारले गेले. तेही पाठवलेलेच.)

म्हणून आज कुणी नावामागे 'प्रेषित' लावत असेल, तर तो कुणाचे पाय धुतो ते आधी बघा. मी तरी तेच बघतो.