वाचकांचे प्रश्न : ‘लेडी बी गुड’ची माणसं विमानाकडे का गेली नाहीत?

प्रश्न : लिबियाच्या वाळवंटात सापडलेल्या ‘लेडी बी गुड’ या अमेरिकन बाँबरबद्दल वाचलं. विमानात पाणी होतं, रेडिओ चालू स्थितीत होता. मग त्यातली माणसं तहानेनं कशी मेली? हा नॅव्हिगेटरचा मूर्खपणाच नाही का? आणि सगळ्यांचे मृतदेह मिळाले का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मी स्वतः हवाई दलात मालवाहू विमानांवर नॅव्हिगेटर, म्हणजे विमानाचा मार्ग आखणारा, होतो. त्यामुळे ‘मूर्खपणा’ या शब्दाकडे शेवटी येतो, पण तो मला मान्य नाही हे आधीच सांगतो.

विमान विमानतळावर उभं नव्हतं, हे आधी ध्यानात घ्या. ४ एप्रिल १९४३ ला हे बी-२४ लिबरेटर जातीचं बाँबर लिबियातल्या सुलुक तळावरून इटलीतल्या नेपल्सवरच्या हल्ल्यासाठी निघालं. नऊही जणांची एकत्र ही पहिलीच मोहीम. परतताना अंधारात ते किनारा ओलांडून वाळवंटावर सातशेएक किलोमीटर आत गेले. इंधन संपत आलं आणि रात्री दोनच्या सुमारास सगळ्यांनी पॅराशूटनं उड्या टाकल्या. रिकामं विमान आपलंआपण आणखी पंचवीसेक किलोमीटर दक्षिणेला घसरत गेलं आणि वाळूवर पोटानं टेकलं. मागचा भाग तुटला, पण बाकीचं शाबूत राहिलं. चालक नसलेलं चार इंजिनांचं धूड शाबूत उतरेल असं कुणाच्या मनात येईल? माझ्या तरी आलं नसतं.

खाली आठ जण एकमेकांना सापडले. बाँब टाकणारा जॉन वोरावका सापडला नाही; त्याचं पॅराशूट नीट उघडलंच नव्हतं. तळ वायव्येला जवळच आहे या समजुतीनं आठ जण तिकडे चालू लागले. पाणी अर्धी बाटली. सहवैमानिक रॉबर्ट टोनरच्या डायरीत दिवसाला एक झाकणभर पाण्याची नोंद आहे. रात्री कडाक्याची थंडी, झोप नाही. वाटेत पॅराशूटच्या पट्ट्यांचे बाण करून त्यांवर दगड ठेवत गेले, शोधणाऱ्यांना दिशा कळावी म्हणून. इतक्या पाण्यावर पाच जण सुमारे १३० किलोमीटर चालले! शेली, मूर आणि रिप्सलिंगर ९ एप्रिलला मदत आणायला पुढे निघाले. रिप्सलिंगर तर आणखी चाळीसेक किलोमीटर गेला. टोनरची शेवटची नोंद १२ एप्रिलची आहे. मला या प्रकरणात सगळ्यांत जास्त हलवतं ते हे चालणं. त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

त्यांचा शोध घेतला गेला तो भूमध्य समुद्रावर, कारण ते पाण्यात पडले असंच सगळ्यांनी धरलं. १९५८ मध्ये तेल शोधणाऱ्यांना विमान वरून दिसलं, १९५९ मध्ये लोक तिथे पोचले. १९६० मध्ये आठ जणांचे अवशेष मिळाले. व्हर्नन मूर मात्र अधिकृतरीत्या सापडलेला नाही.

आता नॅव्हिगेटर हेज. त्या रात्री पाठीमागून जोराचा वारा होता, म्हणजे विमान हिशेबापेक्षा वेगानं पुढे जात होतं. खाली काळोख. वैमानिक हॅटननं लिबियातल्या बेनिनाच्या रेडिओ केंद्राला आपण कुठल्या दिशेला आहोत ते विचारलं, उत्तर आलं ३३० अंश. म्हणजे केंद्राच्या वायव्येला, समुद्रावर. नेपल्सहून येणारं विमान नेमकं तिथेच असायला हवं होतं, म्हणून कुणाला शंका आली नाही. पण रेडिओ संदेश कुठल्या दिशेनं येतो ते शोधणाऱ्या एकट्या लूप (कड्याच्या आकाराच्या) अँटेनाला पुढचं आणि मागचं यांतला फरक कळत नाही. विमान ३३० वर असो की त्याच्या बरोबर उलट १५० वर, आकडा तोच मिळतो. ते केव्हाच आग्नेयेला, वाळवंटावर आलेले होते.

यावर आमच्या काळी दोन उपाय शिकवत. थोडा वेळ काटकोनात उडून आकडा कुठल्या बाजूला सरकतो ते पाहायचं, किंवा दूरच्या दुसऱ्या केंद्राकडून दिशा घेऊन दोन रेषा कुठे छेदतात ते बघायचं. हे सुचायला आधी शंका यावी लागते. जमिनीवरून आलेलं उत्तर आपल्या हिशेबाशी तंतोतंत जुळत असताना, पहिल्याच मोहिमेवरचा, थकलेला नॅव्हिगेटर शंका घेईल अशी अपेक्षा मी तरी करणार नाही. उत्तर देणाऱ्या केंद्रानंही शंका घ्यायला हवी होती.