सेवा चालू आहे, पण प्रार्थना आटली आहे

प्रश्न : मी अनेक वर्षे मंडळीत रविवार शाळा घेते, आजाऱ्यांच्या भेटीला जाते आणि महिला मंडळाची प्रार्थनासभाही चालवते. चारचौघांत प्रार्थना करताना मला शब्द सुचतात, पण एकटी असताना दोन वाक्येही निघत नाहीत. विश्वास नव्याने जागवण्यासाठी नुकत्याच झालेल्या संजीवन सभेत मी उभी राहून स्वतःचे प्रभूला पुन्हा समर्पण केले, पण आठवडाभरात सारे पूर्ववत झाले. आता पुन्हा समर्पण करणे म्हणजे प्रभूला खोटे वचन देणे होईल का? नव्याने सुरुवात कुठून करावी?

उत्तर : ख्रिस्तात प्रिय भगिनी, प्रार्थना आटल्याची ज्याला बोच लागते, त्याच्या अंतःकरणातले पवित्र आत्म्याचे काम थांबलेले नसते, हे आधी मनाशी धरा. सभेत तुम्ही सेवेचे वचन दिलेत, पण सेवा तर तुम्ही सोडलीच नव्हती. सुटले होते ते प्रभूशी एकांतात बोलणे, आणि त्याविषयी त्या दिवशी काहीच ठरले नाही. म्हणून ते समर्पण खोटे होते असे मी म्हणणार नाही. ते चुकीच्या जागी लागले, एवढेच.

बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातला एलीया या दृष्टीने पुन्हा वाचा. कर्मेल डोंगरावर ज्याच्या प्रार्थनेला अग्नीने उत्तर मिळाले, तोच संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ असे म्हणतो, आणि देव त्याला एका शब्दानेही दटावत नाही. तो झोपतो, देवदूत त्याला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपतो, पुन्हा खातो, आणि मग चाळीस दिवस चालून देवाचा डोंगर होरेब येथे पोहोचतो. ‘तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न त्याला तिथे विचारला जातो, त्याआधी नाही. थकलेल्या सेवकाला देव प्रथम विसावा देतो, हा क्रम आपण फार वेळा उलटा करतो आणि थकव्यावर उपाय म्हणून आणखी एक उपवास, आणखी एक रात्रभराची प्रार्थना स्वतःवर लादतो. झोप आणि भूकच गेली असेल, तर डॉक्टरांनाही अवश्य भेटा. त्यात विश्वासाची उणीव नाही.

एकांतातली प्रार्थना कशी करावी, तर जशी आहे तशी. होरेबवर एलीयाने तक्रारच केली, आणि तीही त्याच शब्दांत दोनदा. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रे तक्रारीनेच सुरू होतात. तुमच्याकडे आजाऱ्यांच्या नावांची वही असेलच. सभेत ती सगळी नावे एका दमात वाचली जातात. घरी त्यातले एकच नाव घ्या. त्या व्यक्तीचा चेहरा आठवा, गेल्या भेटीत ती काय म्हणाली ते प्रभूला सांगा, आणि तिच्याकडे जायचा तुम्हाला कंटाळा येत असेल तर तोही सांगा. शब्द संपले तर गप्प बसा. कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो, असे पौल रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात लिहितो, आणि ते वचन नेमके अशाच वेळेसाठी आहे.

होरेबवरून एलीयाला परत पाठवताना देवाने त्याला त्याच्या जागी संदेष्टा म्हणून अलीशाचा अभिषेक करायला सांगितले, म्हणजे नव्या कामगिरीबरोबर सोबतीही दिला. प्रेषितांची कृत्ये ६ व्या अध्यायातही भोजनाच्या व्यवस्थेसाठी सात जण निवडले गेले, ते प्रेषितांना प्रार्थना आणि वचनाच्या सेवेत टिकून राहता यावे म्हणून. जर्मनीतल्या हेर्नहूट येथील मोरावियन या प्रोटेस्टंट मंडळीने १७२७ साली अखंड प्रार्थना सुरू केली, तेव्हा चोवीस पुरुष आणि चोवीस स्त्रियांनी दिवसाचा एकेक तास वाटून घेतला होता. शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेल्या त्या प्रार्थनेतून आणि त्या सहभागितेतून १७३२ पासून दूरदेशी मिशनरी निघाले. तुमच्याकडे तीन कामे आहेत. माझे स्पष्ट मत आहे, की त्यातले एक काही काळ दुसऱ्या कुणाकडे सोपवावे, आणि ते कोणते, हे पाळकांशी बोलून ठरवावे. रिकामा झालेला वेळ मात्र लगेच दुसऱ्या कामाने भरू नका.

राहिला वचनाचा प्रश्न. प्रभूचा शिष्य पेत्र याने ‘मी आपला प्राण देईन’ असे म्हटले आणि त्याच रात्री प्रभूला तीनदा नाकारले. योहान २१ व्या अध्यायात प्रभू त्याला तीनदा विचारतो, ते ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ एवढेच. ‘पुन्हा असे करणार नाहीस ना?’ हे तो विचारत नाही, आणि प्रत्येक उत्तरानंतर आपली मेंढरे त्याच्याच हाती सोपवतो. तेव्हा पुन्हा समर्पण जरूर करा, पण या वेळी सभेत उभे राहण्याची गरज नाही. घरी, दार लावून, त्याच प्रश्नाला आज जे खरे असेल ते उत्तर द्या. ते अडखळत निघाले तरी चालेल. मग तुमच्याबरोबर सेवा करणाऱ्या एखाद्या विश्वासू भगिनीला ते सांगा, आणि आठवड्यातून एकदा दोघी मिळून प्रार्थनेला बसा.