चिलर आत्ता घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी भरून आठवडा झाला, दगड-वाळू घातली आहे आणि सायकल, म्हणजे मासे सोडण्याआधी टाकीत विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवण्याचा टप्पा, सुरू आहे. दुपारी पाणी २९ अंशांवर गेलेलं पाहून तुम्ही धास्तावलात. विक्रेता चिलर (पाणी थंड करणारं यंत्र), प्रवाळांचे दिवे आणि मासे हे सगळं एकदम १२ बिनव्याजी हप्त्यांत द्यायला तयार आहे. घरच्यांना हप्त्यांचं लोढणं नको, त्यापेक्षा अडीअडचणीची मुदत ठेव मोडा असं ते म्हणतात. या दोहोंतलं काय करू, असं तुम्ही विचारता.

आत्ता दोन्ही नको. ठेवीला तर हातच लावू नका. आजारपण, नोकरी जाणं यांसाठी ती ठेवली आहे, आणि तुमच्या टाकीत आज एकही मासा नाही ज्याच्यासाठी धावपळ करावी.

सायकल पूर्ण व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. त्यांना २९ अंश सहज चालतात. मंदावतात ते गारठ्यात. बाटलीतले जिवाणू घातले तर वेळ वाचू शकतो, पण भरवसा चाचणीवरच ठेवा. अमोनिया घालून तो लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत न्या. २४ तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की थोडं पाणी बदलून पहिला मासा सोडा. आज योजनेतले मासे घेतलेत तर ते थेट अमोनियात पडतील, आणि पाणी जितकं गरम तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. मासे गेले तरी हप्ते चालूच राहतात.

म्हणून हे आठवडे मोजमापाला वापरा. टाकीत सोसणारं कुणी नसताना पाणी किती तापतं हे बघायची अशी संधी पुन्हा मिळणार नाही. पंप आणि आहेत ते दिवे रोजच्या वेळापत्रकाने चालू ठेवा आणि सकाळी व दुपारी दोन आकडे वहीत लिहा: खोलीचं तापमान आणि पाण्याचं तापमान. चिलरचा निर्णय या दोन आकड्यांमधल्या फरकावर ठरतो. पाण्यात बुडालेल्या पंपाची जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरते, त्यामुळे पाणी खोलीपेक्षा बहुधा थोडं गरमच राहतं. समजा फरक २ अंशांचा निघाला आणि ऐन उन्हाळ्यात तुमची खोली ३१ वर जाते, तर पाणी ३३ च्या आसपास जाईल असं धरून चाला. प्रवाळांच्या टाकीला २४ ते २७ अंश हवेत.

आता पंख्याकडे या, कारण पैसे वाचण्याची खरी शक्यता तिथे आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६८ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता निघून जाते. झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला आणि दिवसाला ५ लिटर पाणी उडालं, तर दिवसरात्र १४० वॉटचं तापणं कमी झाल्यासारखं आहे. कोरड्या हवेत यातून २-३ अंश सहज उतरतात. दमट हवेत मात्र पंखा फारसं काही करू शकत नाही. आणि पाणी उडतं, मीठ उडत नाही. भर घातली नाही तर एका दिवसात क्षारता (हजार भाग पाण्यात मिठाचे भाग) ३५ वरून जवळजवळ ३६ वर जाते. भर गोड्या, आरओच्या पाण्याचीच हवी, आणि ती आपोआप घालणारं यंत्र पंख्याच्या खर्चातच धरा.

विजेचा हिशेब मांडून बघा. १० वॉटचा पंखा रोज १२ तास, उन्हाळ्याचे १२० दिवस चालला तर साधारण १४ युनिट. ३०० वॉटचा चिलर तेवढेच दिवस रोज ८ तास चालला तर २८८ युनिट. तुमच्या दराने गुणा. चिलर उष्णता खोलीतच फेकतो, हेही लक्षात घ्या. बंद कपाटात ठेवलात तर तो स्वतःच तापवलेली हवा पुन्हा ओढत बसतो आणि बिल वाढतं.

आज रोखीने घ्यायचीच तर एक वस्तू घ्या: तापमानाचा बाहेरचा कंट्रोलर, म्हणजे पाण्याचं तापमान बघून हीटर चालू-बंद करणारं वेगळं यंत्र. हीटर बिघडतो तेव्हा तो कधीकधी चालूच अडकतो आणि रात्रीत टाकी उकळल्यासारखी होते. एका २०० वॉटच्या हीटरऐवजी १०० वॉटचे दोन लावा. एक अडकला तरी पाणी तापायला वेळ लागतो, एक बंद पडला तरी दुसरा सांभाळतो. पुढे पंखा किंवा चिलरही त्याच कंट्रोलरवर लागतो, त्यामुळे हे पैसे कुठल्याही परिस्थितीत वाया जात नाहीत.

बिनव्याजी हप्त्यांबद्दल एवढंच: त्याच वस्तूंची रोखीची किंमत लेखी मागा. त्यात सवलत निघाली, किंवा हप्त्यांवर प्रक्रिया शुल्क असलं, तर व्याज तिथे लपलेलं आहे. आणि टाकीचा चालू खर्च विसरू नका. दर पंधरवड्याला २० लिटर पाणी बदललं तर वर्षाला १८ ते २० किलो मीठ लागतं, शिवाय चाचणीची रसायनं आणि आरओचे फिल्टर. हप्त्याच्या ओझ्याखाली पहिली काटकसर याच खर्चात होते, आणि त्याची झळ माशांना बसते.

म्हणून जो हप्ता भरायची तुमची तयारी आहे, तेवढीच रक्कम या महिन्यापासून आवर्ती ठेवीत टाका. सायकल संपेपर्यंत वहीत फरक आलेला असेल. पंखा लावूनही उन्हाळ्याचा अंदाज २७ च्या वर जात असेल, तर उन्हाळ्याच्या आधी साठलेल्या पैशांतून चिलर घ्या आणि तोवर प्रवाळ आणू नका. अंदाज २७ च्या आत राहिला तर ती रक्कम दिव्यांना वापरा. पण नवे दिवे लावल्यावर आठवडाभर पुन्हा वही लिहा, कारण त्यांची उष्णता आत्ताच्या आकड्यांत नाही.