वाचकांचे प्रश्न : ‘करमणूक’च्या फायलीतून ईमेलपर्यंत

प्रश्न : आमच्या वाचकगटात ह. ना. आपट्यांच्या कादंबऱ्या सर्वांनी वाचल्या आहेत. ‘करमणूक’मधले त्यांचे बाकीचे लेखन दर आठवड्याला एक उतारा याप्रमाणे सभासदांना ईमेलने पाठवायचे ठरले आहे. सुरुवात कुठून करावी? (कोथरूड)

उत्तर : कादंबऱ्या बाजूला ठेवून करा. ‘पण लक्षात कोण घेतो?’ याच साप्ताहिकातून क्रमशः आली, पण ती पुस्तकरूपात सहज मिळते. आपट्यांनी १८९० च्या अखेरीस पुण्यात ‘करमणूक’ सुरू केले आणि पंचवीसहून अधिक वर्षे चालवले. कथांच्या शेजारी चरित्रे, शास्त्रीय माहिती, पुस्तकांवरचे अभिप्राय, लहानमोठी स्फुटे असा मजकूर तिथे येत राहिला. कादंबऱ्यांची पुस्तके झाली, गोष्टींचे संग्रह निघाले. हे बाकीचे बरेचसे जुन्या अंकांच्या फायलींतच पडून आहे. संपादक आपटे भेटतात ते तिथेच.

फायलींची चौकशी पुणे नगर वाचन मंदिर, पुणे मराठी ग्रंथालय, भारत इतिहास संशोधक मंडळ आणि विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय इथे करा. कोणती वर्षे आहेत, ती हाताळण्याजोगी आहेत का आणि फोटो काढू देतात का, हे जाण्याआधी विचारून घ्या. जुना कागद घडीवर तुटतो. बांधीव खंड सपाट उघडू नका. दोन्ही बाजूंना उशी देऊन काटकोनाहून थोडाच जास्त उघडा. फ्लॅश नको, खिडकीचा उजेड बाजूने घ्या. आधी अंकाच्या शीर्षभागाचा, मग पूर्ण पानाचा आणि शेवटी हव्या त्या स्तंभाचा फोटो. हा क्रम चुकला की घरी आल्यावर स्तंभ कोणत्या अंकातला हे कळत नाही, आणि तारीख नसलेला उतारा आमच्या मते पाठवूच नये.

एका वेळी एकच वर्ष घ्या आणि उतारा शक्यतो त्याच आठवड्यात पाठवा, ज्या आठवड्यात तो मूळ छापला गेला. नियतकालिकाचे लेखन ऋतू, सण आणि गावातल्या चर्चेला धरून असते. तो संदर्भ वाचकाला आपोआप मिळतो. अंकावर फक्त शक असेल तर चैत्रापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ आणि १ जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९ मिळवा. मार्गशीर्ष किंवा पौष महिना दोन इसवी वर्षांत विभागला जातो, तिथे तिथी पाहून ठरवा. एक वर्षाची चूक सर्वात जास्त इथेच होते.

लांबी २५० ते ४०० शब्द, आणि मुद्दा पुरा होणारा भाग. मधली दोन सुंदर वाक्ये उचलून सुविचार करू नका. पत्रकाराचा युक्तिवाद परिच्छेदात असतो. वर दोन-तीन ओळींची टीप पुरे. उदाहरणार्थ, १८९१ च्या सुरुवातीचे अंक निघत होते तेव्हा मुलींशी शरीरसंबंधाचे किमान वय वाढवणाऱ्या संमतिवयाच्या विधेयकावरून पुणे तापलेले होते आणि १९ मार्चला तो कायदा झाला, एवढे सांगावे. ‘पण लक्षात कोण घेतो?’मधल्या, बालवयात लग्न झालेल्या यमूची कहाणी त्याच महिन्यांत आठवड्याला एक हप्ता अशी घराघरांत जात होती, हे कळले की शेजारच्या साध्या स्फुटाकडेही वाचक वेगळ्या नजरेने पाहतो.

सर्वात महत्त्वाचे : निनावी मजकुराखाली ‘ह. ना. आपटे’ लिहू नका. ते संपादक होते आणि पुष्कळ मजकूर त्यांचा असणार, पण ‘करमणूक’मध्ये इतरही लिहीत; केशवसुतांच्या कविता तिथे आल्या आहेत. नाव छापलेले असेल तरच द्या. एरवी ‘करमणूक, संपादक ह. ना. आपटे, निनावी’ असे लिहा आणि पुढे वर्ष, अंक, पान.

प्रश्न : फोटोवरून मजकूर आपोआप टाइप करून घेतला तर अनुस्वार गायब होतात. जुने शुद्धलेखन बदलून टाकावे का? (सदाशिव पेठ)

उत्तर : बदलू नये. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, पण जुन्या मजकुरात ते अर्थ वाहतात. ‘तें’ नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘ते’ पुल्लिंगी अनेकवचन; टिंब गेले की लांब वाक्यात कोण कशाबद्दल बोलतो हेच हरवते. अक्षरओळख करणारी साधने मुख्यतः आजच्या मराठीवर शिकलेली असल्याने ती टिंबे गाळतात. झिजलेल्या खिळ्यांच्या छपाईत भ-म, घ-ध, थ-य यांचीही अदलाबदल होते. गूगल ड्राइव्हवर फोटो टाकून तो डॉक्समध्ये उघडायचा असेल तर फाइल २ एमबीच्या आत ठेवा आणि एक स्तंभ एका फोटोत घ्या. दोन स्तंभ एकत्र दिले की ओळी एकमेकींत घुसतात. बांधणीजवळच्या सावलीत गेलेली अक्षरे अंदाजाने भरू नका, चौकटी कंसात टिंबे द्या. शेवटी एकाने फोटो पाहून मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने टाइप केलेले तपासावे, टिंबांसकट. याला दुसरा उपाय नाही.

प्रश्न : हक्कांचे काय? (औंध)

उत्तर : आपटे १९१९ मध्ये गेले. लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षे हक्क राहतो, त्यामुळे त्यांचे लेखन खुले आहे. निनावी मजकुराला हीच ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. इतर लेखकांची निधनवर्षे मात्र पाहा, आणि अलीकडच्या संपादित आवृत्तीतील प्रस्तावना वा टिपा परवानगीशिवाय उचलू नका.

प्रश्न : काहींना ईमेल अर्धवट दिसतो, काहींना नुसती चिन्हे, काहींचा स्पॅममध्ये जातो. (हडपसर)

उत्तर : तिन्हींची कारणे वेगळी आहेत. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा मजकूर कापते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, तरी ४०० शब्द १० केबीच्या आसपासच राहतात. फुगवटा येतो तो वर्डमधून चिकटवताना सोबत येणाऱ्या सजावटीच्या सूचनांचा. म्हणून कंट्रोल-शिफ्ट-व्हीने साधा मजकूर चिकटवा. चिन्हे दिसतात ती युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमुळे. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. पानाचा फोटो ईमेलमध्ये न घालता त्याचा दुवा द्या.

साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० जणांनाच पाठवता येते, आणि बीसीसीत शेकडो पत्ते घातले की स्पॅमची शक्यता वाढते. फक्त संचालकच लिहू शकतील असा गूगल ग्रुप करा, सभासदांना तो पत्ता संपर्कयादीत घालायला सांगा. विषयाच्या ओळीत दर वेळी आधी ‘करमणूक’, मग अंकाची तारीख लिहा. नंतर शोधताना तेच उपयोगी पडते.